भिंतीला हात लावून ऐकलेला स्वर

पदार्थ कंप पावला की ध्वनी निर्माण होतो, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले आहे. नादकाट्यावर रबरी हातोडी मारायची, त्याचे टोक पाण्याला लावायचे, पाणी उडते ते पाहायचे आणि प्रयोगवहीत अनुमान लिहायचे, हा प्रयोगही बहुतेकांनी केला असेल. पण तोच नादकाटा पाण्याऐवजी हनुवटीला टेकवून पाहिला आहे काय? तेथे बारीक झिणझिणी जाणवते. कंपन तेच, नादकाटाही तोच. कानात शिरले की त्याला आपण स्वर म्हणतो आणि हनुवटीला जाणवले की झिणझिणी म्हणतो. मग ज्याचे कान काम करीत नाहीत, त्याला ध्वनीच्या जगात प्रवेशच नाही, असे म्हणता येईल काय?

या प्रश्नाचे उत्तर केवळ तर्काने देण्याची गरज नाही. स्कॉटलंडमधील एका शेतकरी कुटुंबातील मुलीने ते आपल्या वादनाने दिले आहे. तिचे नाव एव्हलिन ग्लेनी. समकालीन पाश्चात्त्य अभिजात संगीतातील तालवाद्यांची एकल वादक म्हणून तिने जगभर नाव मिळवले. तिची हकीकत आणि तिच्या वाद्यांमागील भौतिकी या दोन्ही गोष्टी आज आपण एकत्रच पाहू, कारण एकीवाचून दुसरी नीट समजत नाही.

शाळेतील टिंपनी

एव्हलिनचा जन्म १९ जुलै १९६५ रोजी स्कॉटलंडच्या ॲबरडीनशायर परगण्यात झाला. लहानपणी ती पियानो शिकत होती आणि तिचे स्वरज्ञान उत्तम होते. आठव्या वर्षाच्या सुमारास तिची श्रवणशक्ती कमी होऊ लागली. बाराव्या वर्षी डॉक्टरांच्या व्याख्येप्रमाणे ती तीव्र कर्णबधिर ठरली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. तीव्र कर्णबधिर म्हणजे संपूर्ण शांतता नव्हे. समोरचा माणूस बोलतो आहे एवढे तिला कळते, पण ओठांच्या हालचाली पाहिल्याशिवाय शब्द कळत नाहीत.

याच सुमारास माध्यमिक शाळेत तिने तालवाद्ये शिकण्यास सुरुवात केली. रॉन फोर्ब्ज हे तिचे शिक्षक. त्यांनी एक साधा पण विलक्षण प्रयोग केला. ते टिंपनी वाजवीत आणि एव्हलिन वर्गाच्या भिंतीला तळहात टेकवून उभी राही. टिंपनी म्हणजे तांब्याच्या मोठ्या वाटीवर ताणलेला पडदा. आपला नगारा तिचा जवळचा नातेवाईक आहे. अरबी ‘नक्कारा’ हाच शब्द आपल्याकडे नगारा झाला आणि तेच वाद्य मध्ययुगात युरोपातही गेले. टिंपनीवर पडदा कमीजास्त ताणून निरनिराळे स्वर काढता येतात. फोर्ब्ज एक स्वर वाजवीत, मग दुसरा. कोणता उंच आणि कोणता खालचा, हे एव्हलिनने भिंतीतून येणाऱ्या कंपनांवरून सांगायचे.

सरावाने तिच्या लक्षात आले की, खालचे स्वर तिला मुख्यतः पायांत आणि तळपायांत जाणवतात आणि उंच स्वर चेहरा, मान व छाती यांवरील ठरावीक जागी. अशा रीतीने स्वराची ढोबळ उंची तिला शरीरावरील जागेवरून ओळखता येऊ लागली. पुढे अनेक कार्यक्रमांत ती अनवाणी वाजवू लागली. रंगमंचाच्या लाकडी तक्तपोशीतून येणारी कंपने तळपायांना थेट मिळावीत, हा त्यामागील साधा हेतू.

त्वचा किती ऐकते?

ही किमया नव्हे. आपल्या त्वचेखाली कंपने टिपणारी सूक्ष्म इंद्रिये असतात. त्यांपैकी जलद कंपनांना प्रतिसाद देणाऱ्या इंद्रियांना इटालियन शरीरशास्त्रज्ञ फिलिप्पो पॅचिनी (१८१२–१८८३) यांच्या नावावरून पॅचिनी कणिका म्हणतात. कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे त्यांची रचना थरांची असते. सेकंदाला सुमारे २५० कंपने, म्हणजे २५० हर्ट्झ, या कंप्रतेच्या आसपास त्या सर्वांत तरल असतात. सुमारे १,००० हर्ट्झच्या पुढे मात्र त्वचेला कंपने जवळजवळ जाणवत नाहीत. निरोगी कानाचा पल्ला २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत असतो. त्याच्या तुलनेत त्वचेचा पल्ला फारच तोकडा.

आता टिंपनीकडे पाहा. वाद्यवृंदातील टिंपनीचे बहुतेक स्वर ७० ते २२० हर्ट्झच्या दरम्यान पडतात. म्हणजे फोर्ब्ज यांनी निवडलेले वाद्य त्वचेच्या पल्ल्यात नेमके बसणारे होते. व्हायोलिनच्या वरच्या पट्टीतील स्वर घेऊन हाच प्रयोग केला असता, तर भिंतीने बहुधा काहीच सांगितले नसते.

खालचे स्वर शरीराला अधिक जाणवतात, याचे आणखी एक कारण आहे. सारख्याच तीव्रतेचे दोन ध्वनी घेतले, तर ज्याची कंप्रता कमी त्यात हवेच्या कणांचा आयाम, म्हणजे मागेपुढे हलण्याचे अंतर, जास्त असते. आयाम कंप्रतेच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ६५ हर्ट्झचा स्वर आणि त्याच्या पाच सप्तके वरचा स्वर यांत कंप्रतेचा फरक २×२×२×२×२, म्हणजे ३२ पटींचा. तीव्रता सारखी असेल, तर खालच्या स्वरात हवेचे कण ३२ पट अधिक अंतर हलतात. मिरवणुकीतला मोठा ढोल छातीत धडधडतो आणि सनई धडधडत नाही, ती याचमुळे.

मात्र येथे शास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबून शंका घ्यावी. कानाला स्वरांमधील अगदी सूक्ष्म फरक कळतो. पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांच्या कंप्रतांत सुमारे ६ टक्क्यांचा फरक असतो आणि निरोगी कान त्याहून कितीतरी लहान फरक ओळखतो. त्वचेला दोन कंप्रता वेगळ्या म्हणून कळण्यासाठी साधारणतः पाचव्या हिश्श्याएवढा तरी फरक लागतो. मग एकट्या त्वचेवर अवलंबून अचूक वादन कसे होईल?

होत नाहीच. एव्हलिनचे ऐकणे हे अनेक साधनांनी मिळून होते. कानातून येणारा अस्पष्ट ध्वनी, त्वचेला मिळणारी कंपने, पडदा थरथरताना पाहणारे डोळे, काठीच्या उसळीतून हाताला मिळणारे उत्तर आणि बहिरेपण येण्यापूर्वी मनात पक्के बसलेले स्वरज्ञान, या साऱ्यांतून तिचा मेंदू ध्वनीचे चित्र जुळवतो. पडदा थरथरताना किंवा झाडाची पाने हलताना दिसली, तरी त्याला अनुरूप असा ध्वनी मनात उमटतो, असे तिने स्वतः लिहिले आहे. आपणही थोड्याफार प्रमाणात असेच ऐकतो. गोंगाटात समोरच्याचे ओठ दिसले की बोलणे अधिक स्पष्ट कळते, हा अनुभव सर्वांना आहे.

दोनदा दिलेली परीक्षा

शालेय शिक्षण संपल्यावर एव्हलिनने लंडनच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ म्युझिक या संस्थेत प्रवेशासाठी वादनपरीक्षा दिली. प्रथम तिला नकार मिळाला. कर्णबधिर वादकाचे पुढे काय होणार, हे कोणालाच सांगता येईना. तिने प्रश्न केला की, वादन कमी पडले म्हणून नाकारता की ऐकू येत नाही म्हणून? तिने पुन्हा परीक्षा दिली आणि तिला प्रवेश मिळाला. पुढे अपंगत्वाच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत, हा विचार ब्रिटनमधील संगीतशिक्षणात रुजण्यास तिच्या या प्रकरणाने मोठी मदत केली. १९८५ साली तिचे तेथील शिक्षण पूर्ण झाले. नंतर ती जपानला गेली आणि मारिंबाच्या थोर वादक केइको आबे यांच्याकडे शिकली.

या क्षेत्रात तिच्यासमोर दुसरीही अडचण होती, आणि ती कानाशी संबंधित नव्हती. पाश्चात्त्य वाद्यवृंदात तालवाद्यांचा वादक सर्वांत मागे उभा असतो. शेकडो मात्रा मोजत थांबायचे आणि नेमक्या क्षणी एक झांज वाजवायची, असे त्याचे काम. केवळ तालवाद्यांचा एकल कार्यक्रम करून पोट भरावे, ही कल्पनाच नव्हती. त्यासाठी रचनाच फारशा उपलब्ध नव्हत्या.

विसाव्या शतकातील रचनाकारांनी मात्र वाट मोकळी करण्यास आरंभ केला होता. एडगार व्हारेझ यांनी १९३१ साली ‘आयोनायझेशन’ ही १३ तालवाद्यवादकांसाठीची रचना पूर्ण केली. नाव भौतिकीतले, म्हणजे आयनीभवन, आणि वाद्यांत चक्क भोंगेही! बेला बार्टोक यांनी १९३७ साली दोन पियानो व तालवाद्ये यांच्यासाठी सोनाटा लिहिला. कार्लहाइन्त्स श्टॉकहाउझेन यांनी १९५९ साली एका वादकासाठी ‘त्सिक्लुस’ (म्हणजे चक्र) लिहिले. त्यात वादक वाद्यांच्या वर्तुळात उभा राहतो आणि कोणत्याही पानापासून वाजवण्यास सुरुवात करू शकतो.

ग्लेनी यांनी ही वाट हमरस्ता केली. बार्टोकच्या त्या सोनाट्याच्या ध्वनिमुद्रणात सर गेऑर्ग शोल्टी, मरे पेराया आणि डेव्हिड कॉर्कहिल यांच्यासह त्यांचा सहभाग होता व त्या ध्वनिमुद्रणाला १९८९ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. रचना नाहीत, तर त्या लिहवून घ्यायच्या, असे त्यांनी ठरवले. त्यांच्यासाठी निरनिराळ्या रचनाकारांनी दोनशेहून अधिक नव्या रचना लिहिल्या आहेत. पूर्ण वेळ एकल तालवाद्यवादन करणारी जगातील पहिली कलावंत म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

चामड्यातून स्वर कसा निघतो?

आता त्यांच्या वाद्यांकडे वळू. आपल्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत: तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. तालवाद्यवादकाचा संबंध शेवटच्या दोहोंशी येतो. अवनद्ध म्हणजे चामड्याने मढवलेली, आणि घन म्हणजे लाकूड किंवा धातू यांसारख्या भरीव पदार्थाची.

तार छेडली तर तिच्यातून मूळ कंप्रतेबरोबरच तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतांचे अधिस्वरही निघतात. हे पूर्णांकी नाते असल्यामुळे कानाला एकच सुरेल स्वर भासतो. गोल ताणलेल्या पडद्याचे तसे नसते. त्याच्या पहिल्या काही कंप्रतांची गुणोत्तरे १, १.५९, २.१४, २.३० अशी अडनिड येतात. म्हणून साध्या ढोलकातून ‘धब्’ असा आवाज निघतो, स्वर निघत नाही.

मग टिंपनी सुरात कशी वाजते? त्याचे रहस्य दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे काठी कोठे पडते ही. पडद्याच्या मध्यावर मारले, तर सगळा पडदा एकदम खालीवर होतो, हवा जोराने ढकलली जाते आणि सारी ऊर्जा क्षणात संपते. आवाज बसका निघतो. म्हणून वादक कडेपासून त्रिज्येच्या सुमारे पाव अंतरावर मारतो. तेथे मारल्याने पडद्याचा एक अर्धा वर जातो तेव्हा दुसरा खाली जातो. या प्रकारात हवा फारशी ढकलली जात नाही, ऊर्जा सावकाश खर्च होते आणि स्वर टिकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे हवा. पडद्याला लगटून असलेली हवाही त्याच्याबरोबर हलते आणि पडद्याचे वजन जणू वाढवते. हा भार खालच्या कंप्रतांना अधिक जाणवतो, त्यामुळे त्या आणखी खाली ओढल्या जातात. परिणामी टिकणाऱ्या कंप्रतांची गुणोत्तरे १, १.५, २, २.४४ अशी येतात. ही जवळजवळ २ : ३ : ४ : ५ आहेत. अडनिड कंप्रतांना हवेने रांगेत उभे केले!

आपल्या पूर्वजांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. तबला व मृदंग यांच्या पडद्यावर त्यांनी शाई चढवली. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’ या नियतकालिकात आणि पुढे १९३४ साली सविस्तर निबंधात याचे विवेचन केले. शाईच्या थरामुळे पडद्याच्या पहिल्या नऊ कंपनप्रकारांचे असे गट पडतात की, त्यांतून तारेसारखेच पाच पूर्णांकी स्वर मिळतात, हे त्यांनी दाखवले. टिंपनीत हवेचा भार आणि तबल्यात शाईचा. तत्त्व एकच.

लाकडाची पट्टी आणि नळी

ग्लेनी यांचे दुसरे मुख्य वाद्य मारिंबा. लाकडी पट्ट्या ओळीने मांडलेल्या आणि प्रत्येकीखाली एक नळी, अशी त्याची रचना. पट्ट्या मध्य अमेरिकेतील रोझवुडच्या असतात. हे लाकूड आपल्या शिसवीच्याच प्रजातीतले.

सरळ, सारख्या जाडीच्या पट्टीचा दुसरा स्वर पहिल्याच्या सुमारे पावणेतीन पट कंप्रतेचा असतो. हे नाते बेसूर. म्हणून कारागीर पट्टीच्या खालच्या बाजूस मध्यभागी लाकूड तासून कमान करतात. तासल्याने मूळ स्वर खूप उतरतो, दुसरा तितका उतरत नाही. पावणेतीनची पट बरोबर चार होईपर्यंत तासत जायचे. चौपट म्हणजे दोन सप्तके वरचा तोच स्वर. झायलोफोनमध्ये ती तिप्पट ठेवतात, म्हणून त्याचा आवाज मारिंबापेक्षा अधिक तल्लख वाटतो.

पट्टी टांगायची कोठे, हेही भौतिकीच ठरवते. पट्टी वाजते तेव्हा तिचे दोन बिंदू स्थिर असतात. त्यांना निस्पंद बिंदू म्हणतात. प्रत्येक टोकापासून लांबीच्या २२.४ टक्के अंतरावर ते असतात. दोरी तेथूनच ओवतात, म्हणजे कंपनाला अडथळा होत नाही.

खालची नळी अनुस्पंदनाने आवाज वाढवते. ती तळाशी बंद असते, म्हणून तिची लांबी तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याइतकी लागते. पाच सप्तकांच्या मारिंबाचा सर्वांत खालचा स्वर सुमारे ६५.४ हर्ट्झचा. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर तरंगलांबी ३४३ ÷ ६५.४ = ५.२४ मीटर, आणि नळीची लांबी सुमारे १.३१ मीटर. ही लांबी वाद्याच्या उंचीपेक्षा जास्त असल्यामुळे खालच्या नळ्या वळवाव्या लागतात. सर्वांत वरचा स्वर २,०९३ हर्ट्झचा. त्याची नळी अवघी ४.१ सेंटिमीटर!

वादकाच्या हातातील काठ्यांचेही शास्त्र आहे. मऊ लोकर गुंडाळलेली काठी पट्टीला अधिक वेळ चिकटून राहते. त्या वेळात वरच्या कंप्रतांची कंपने दबून जातात आणि स्वर गोल, मऊ निघतो. कडक काठी क्षणात उसळून परत येते, वरचे अधिस्वरही मोकळे राहतात आणि आवाज टणक निघतो. तालवाद्यवादकाच्या पिशवीत डझनावारी काठ्या का असतात, हे यावरून समजेल.

कंपनात नसलेला स्वर

१० ऑगस्ट १९९२ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ग्लेनी यांनी स्कॉटिश रचनाकार जेम्स मॅकमिलन यांची ‘व्हेनी, व्हेनी, इमॅन्युएल’ ही तालवाद्ये व वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना प्रथम सादर केली. त्या रचनेत हृदयाच्या ठोक्यासारखी लय वारंवार येते. सुमारे पंचवीस मिनिटांत वादकाला एका वाद्यसमूहाकडून दुसऱ्याकडे जावे लागते. शेवटी वाद्यवृंदातील इतर वादक लहान धातूची वाद्ये किणकिणवू लागतात आणि मुख्य वादक मागे जाऊन नळीघंटा वाजवतो. पितळी नळ्या उभ्या टांगून केलेले हे वाद्य देवळातील किंवा चर्चमधील घंटेचा भास निर्माण करते.

या नळीघंटेत भौतिकीचे एक नवल दडले आहे. अशा नळीच्या क्रमाक्रमाने येणाऱ्या कंप्रता विषम संख्यांच्या वर्गांच्या प्रमाणात असतात. ३, ५, ७, ९, ११, १३ यांचे वर्ग करा: ९, २५, ४९, ८१, १२१, १६९. आता शेवटच्या तीन संख्या पाहा. ८१ : १२१ : १६९ हे प्रमाण जवळजवळ २ : ३ : ४ आहे. (तंतोतंत असते तर ८१, १२१.५, १६२ आले असते.) आघात झाल्यावर या तीन कंप्रता ठळकपणे ऐकू येतात. मेंदूला २, ३, ४ मिळाले की तो त्यांच्या मुळाशी असलेला १ आपोआप गृहीत धरतो. हा १ म्हणजे ८१ च्या निम्मे, ४०.५. पण वरच्या यादीत ४०.५ कोठेही नाही!

म्हणजे नळीघंटेचा म्हणून जो स्वर आपल्याला ऐकू येतो, त्या कंप्रतेचे कंपन नळीत नसतेच. तो स्वर ऐकणाऱ्याचा मेंदू तयार करतो. येथे आपण आरंभीच्या प्रश्नाकडे परत येतो. ज्यांचे कान उत्तम आहेत, तेही केवळ कानाने ऐकत नाहीत. कान कंपने गोळा करतो. स्वर मनात जुळतो. ग्लेनी यांचा मेंदू हेच काम करतो, फक्त त्याला मिळणारा कच्चा माल थोडा निराळ्या वाटांनी येतो.

वादकाचा व्यवसाय

या व्यवसायाचे कष्टही सांगितले पाहिजेत. व्हायोलिनवादक आपले वाद्य काखोटीला मारून निघतो. तालवाद्यवादकाला मात्र ट्रकभर सामान न्यावे, जुळवावे आणि पुन्हा बांधावे लागते. नव्या रचनेत कोणते वाद्य येईल, याचा नेम नसतो: लोखंडी स्प्रिंग, फुलदाणी, भोंगा, काहीही. ग्लेनी यांच्या संग्रहात दोन हजारांहून अधिक वाद्ये जमली. २७ जुलै २०१२ रोजी लंडन ऑलिंपिकच्या उद्‍घाटनात त्यांनी सुमारे हजार ढोलवादकांचे नेतृत्व केले आणि अल्युमिनियमच्या घंटांचे ‘अ‍ॅल्युफोन’ हे नवे वाद्य वाजवले. २००७ साली त्यांना ब्रिटनचा ‘डेम’ हा किताब आणि २०१५ साली स्वीडनचा पोलर संगीत पुरस्कार मिळाला.

त्यांची कर्णबधिरता हाच आपल्या संगीताचा विषय व्हावा, हे मात्र त्यांना पसंत नाही, आणि त्यांचे म्हणणे योग्य आहे. प्रत्येक कर्णबधिर मुलाने वादक व्हावे, असा याचा अर्थ नव्हे. अर्थ एवढाच की, कोणाला काय जमणार नाही हे आपण त्याची परीक्षा घेण्याआधी ठरवू नये.

शिक्षकबंधू-भगिनींनी यातून एक व्यवहाराची गोष्ट घेण्यासारखी आहे. वर्गात ऐकू कमी येणारा विद्यार्थी असला, तर तो अनेकदा ते सांगत नाही. ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी खातो. त्याला पुढच्या बाकावर बसवावे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. लिहून झाल्यावर वर्गाकडे वळून बोलावे, म्हणजे ओठ दिसतात. ध्वनीचा धडा शिकवताना नादकाटा प्रत्येक विद्यार्थ्याच्या बोटाला लावून द्यावा. फोर्ब्ज गुरुजींनी याहून फार मोठे साधन वापरले नव्हते. एक टिंपनी, एक भिंत आणि विचारण्यासारखा एक प्रश्न, एवढ्यावर त्यांचे काम झाले.

करून पाहा

१. एक फुगा फुगवून दोन्ही तळहातांत अलगद धरा आणि रेडिओच्या ध्वनिक्षेपकासमोर न्या. पुरुषाचा खर्जातला आवाज आणि बासरी यांपैकी काय अधिक जाणवते ते नोंदवा.

२. सारख्या जाडीची ३० सेंटिमीटर लांब लाकडी पट्टी घ्या. प्रत्येक टोकापासून ६.७ सेंटिमीटरवर खाली लोकरीचा धागा किंवा स्पंजचा तुकडा ठेवून पट्टी आडवी ठेवा व मध्यावर पेन्सिलीने ठोका. मग आधार टोकांशी सरकवून पुन्हा ठोका. आवाजातील फरकाचे कारण निस्पंद बिंदूंवरून लिहा.

३. शाळेच्या लेझीम पथकातील ढोल कोणाला तरी शेजारच्या खोलीत वाजवायला सांगा. तुम्ही कानांत कापूस घालून, डोळे मिटून, मधल्या भिंतीला तळहात टेकवा. मध्यावरचा ठोका आणि कडेचा ठोका वेगळे ओळखता येतात काय?

४. उदाहरण: १३१ हर्ट्झच्या मारिंबा पट्टीखालील बंद नळीची लांबी काढा. (उत्तर: सुमारे ६५.५ सेंटिमीटर)